टक्के कशाचे?

ऑगस्ट २०१६च्या पहिल्या आठवड्यात 'सुइसाइड स्क्वॉड' अमेरिकेत प्रदर्शित झाला. त्याच्या दोन-तीन दिवस आधी परीक्षणं यायला लागली आणि बहुतेक समीक्षकांनी चित्रपट अक्षरशः धुऊन काढला. डीसी कॉमिक्सचे चाहते खवळले. परीक्षणं गोळा करून त्यांची टक्केवारी मांडणारं 'रॉटन टोमॅटोज' हे संकेतस्थळ बंद करा, अशी मागणी करणारा एक ऑनलाइन अर्ज निघाला आणि त्यावर हजारो सह्या पडल्या. समीक्षक डीसीच्या चित्रपटांवर मुद्दाम अन्याय करतात, अशी तक्रार होती. सह्या करणाऱ्यांपैकी बहुतेकांनी चित्रपट अजून पाहिलेलाही नव्हता, कारण तो तेव्हा लागलाच नव्हता.

पुढे काय झालं? समीक्षकांच्या पसंतीचा आकडा २६ टक्क्यांच्या आसपास थांबला. चित्रपटानं मात्र जगभरातून सुमारे ७५ कोटी डॉलरचा गल्ला जमवला आणि केशरचना-रंगभूषेसाठीचं ऑस्करही पटकावलं. मग खरं कोण? नाक मुरडणारे समीक्षक, की तिकीटबारीवर रांग लावणारे प्रेक्षक? सुपरहिरोपटांच्या बाबतीत समीक्षकांचा शब्द मानावा की नाही, हा प्रश्न तेव्हापासून प्रत्येक मोठ्या चित्रपटाबरोबर नव्यानं विचारला जातो. माझं मत आधीच सांगतो: समीक्षकांवर विश्वास ठेवावा, पण त्यांच्या नावावर जो आकडा खपवला जातो त्यावर ठेवू नये. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, आणि सगळा घोळ त्या एक समजण्यातून होतो.

आधी तो आकडा काय आहे ते पाहू. रॉटन टोमॅटोज सुरू झालं ऑगस्ट १९९८मध्ये, कॅलिफोर्नियात. सेन ड्युआँग हा बर्कलीचा तरुण जॅकी चॅनचा चाहता होता. चॅनच्या चित्रपटांची सगळी परीक्षणं एका जागी वाचता यावीत, एवढीच त्याची हौस होती. पद्धत त्यानं साधी ठेवली आणि ती आजही तीच आहे. प्रत्येक परीक्षण वाचून त्यावर एकच शिक्का मारायचा: आवडला किंवा नाही आवडला. मग आवडलेल्यांचं प्रमाण काढायचं, तेच 'टोमॅटोमीटर'. ६० टक्के किंवा त्याहून जास्त समीक्षकांना आवडला तर टोमॅटो ताजा, नाहीतर सडका.

आपल्याकडे दहावीचा निकाल लागला की शाळेबाहेर फलक लागतो: शाळेचा निकाल ९६ टक्के. त्याचा अर्थ शंभरातली ९६ मुलं पास झाली. प्रत्येकाला ९६ टक्के गुण पडले, असा अर्थ कुणीही काढत नाही. टोमॅटोमीटरचा आकडा नेमका या फलकासारखा आहे. शंभर समीक्षकांनी एखाद्या चित्रपटाला पाचपैकी जेमतेम तीन तारे दिले, कुणालाही तो फार भावला नाही, पण कुणाला वाईटही वाटला नाही, तर आकडा येईल १००. उलट एखाद्या चित्रपटानं साठ जणांना हलवून सोडलं आणि चाळीस जणांना संताप आणला, तर त्याला मिळतील ६०. पाहणारा मात्र दोन्ही आकडे गुण म्हणूनच वाचतो.

याचं एक बोलकं उदाहरण २०१९ सालचं आहे. त्या वर्षी मार्च महिन्यात 'कॅप्टन मार्व्हल' आला आणि ऑक्टोबरमध्ये 'जोकर'. टोमॅटोमीटरवर कॅप्टन मार्व्हलला ७९ टक्के आणि जोकरला ६८-६९. म्हणजे कॅप्टन मार्व्हल सरस? त्याच संकेतस्थळावर, थोड्या आडबाजूला, समीक्षकांनी दहापैकी दिलेल्या गुणांची सरासरीही असते. तिथे जोकर सातच्या वर आहे आणि कॅप्टन मार्व्हल सातच्या खाली. ज्यांना जोकर आवडला त्यांना तो फारच आवडला होता. आता 'मेटाक्रिटिक' या दुसऱ्या संकेतस्थळाकडे वळा. तिथे मोजक्या प्रकाशनांची परीक्षणं घेतात, प्रत्येकाला शंभरपैकी गुण देतात आणि काही समीक्षकांच्या मताला जास्त वजन देऊन सरासरी काढतात. तिथे कॅप्टन मार्व्हल ६४, जोकर ५९. चित्रपट तेच, समीक्षकही बऱ्याच अंशी तेच, आणि हिशोबाची रीत बदलली की निकाल उलटसुलट होतो. जोकरला व्हेनिस महोत्सवात सर्वोच्च सन्मान, गोल्डन लायन, मिळाला होता. पुढे त्याला ११ ऑस्कर नामांकनं मिळाली आणि वाकीन फिनिक्सला अभिनयाचं ऑस्करही. त्याच्याविषयी समीक्षकांत जो कडाक्याचा वाद झाला, तो खरं तर त्याच्याबद्दलची सगळ्यात महत्त्वाची माहिती होती. ६९ या आकड्यात ती कुठेच दिसत नाही.

आकडा बाजूला ठेवून समीक्षकाकडे येऊ. त्याला विचारायचा पहिला प्रश्न असा: तू हा चित्रपट कशाच्या तुलनेत मोजतोयस?

रॉजर ईबर्ट यांनी या प्रश्नाचं उत्तर फार स्वच्छपणे दिलं होतं. ईबर्ट 'शिकागो सन-टाइम्स'चे समीक्षक. १९७५मध्ये पुलित्झर मिळवणारे पहिले चित्रपट समीक्षक. 'शाओलिन सॉकर' या हाँगकाँगच्या धमाल चित्रपटाबद्दल लिहिताना त्यांनी आपली तारे देण्याची रीत समजावून सांगितली. मित्रानं विचारलं, 'हेलबॉय' कसा आहे, तर त्याला 'मिस्टिक रिव्हर'च्या तुलनेत कसा हे नको असतं. त्याला 'पनिशर'च्या तुलनेत कसा हे हवं असतं. आणि त्या मोजपट्टीच्या वरच्या टोकाला, चार ताऱ्यांच्या जागी, ईबर्टनी १९७८चा 'सुपरमॅन' ठेवला होता, रिचर्ड डॉनर यांनी दिग्दर्शित केलेला, ख्रिस्तोफर रीव्हचा.

हा विचार नुसता सोयीचा नाही, प्रामाणिक आहे. टोमॅटोमीटरवर 'ब्लॅक पँथर'ला ९६ टक्के आहेत आणि 'गॉडफादर'ला ९७. दोघांत एका टक्क्याचा फरक आहे असं कुठलाही समीक्षक म्हणत नाही. प्रत्येकानं आपापल्या पट्टीवर 'हा चित्रपट जे करू पाहतो ते त्याला जमलं' एवढंच सांगितलेलं असतं. याच्या विरुद्ध टोकाला मार्टिन स्कोर्सेसी उभे राहिले. ऑक्टोबर २०१९मध्ये 'एम्पायर' मासिकाच्या मुलाखतीत त्यांनी मार्व्हलचे चित्रपट सिनेमा नव्हेतच, ते करमणुकीच्या उद्यानाच्या जवळचे आहेत, अशा अर्थाचं विधान केलं आणि गदारोळ उठला. मला त्यांचं म्हणणं पटत नाही, पण त्यांची पट्टी कोणती हे त्यांनी लपवलं नाही, याबद्दल आदर वाटतो. अडचण मधल्यांची असते. पहिल्या परिच्छेदात ईबर्टची पट्टी आणि शेवटच्या परिच्छेदात स्कोर्सेसींची पट्टी वापरणारा समीक्षक वाचकाला गोंधळात टाकतो, आणि असे समीक्षक पुष्कळ आहेत.

ईबर्टचाच आणखी एक दाखला देतो. सॅम रायमींच्या पहिल्या 'स्पायडर-मॅन'ला, २००२मध्ये, त्यांनी अडीच तारे दिले. त्यांची तक्रार नेमकी होती: इमारतींवरून झेपावणाऱ्या त्या आकृतीला वजनच नाही, ती हाडामांसाच्या माणसासारखी न हलता कार्टूनसारखी हलते. दोन वर्षांनी त्याच दिग्दर्शकाच्या, त्याच नटाच्या 'स्पायडर-मॅन २'ला त्यांनी पूर्ण चार तारे दिले. या प्रकारच्या चित्रपटांबद्दल मनात अढी असलेल्या माणसाला हे जमलं नसतं. आज दोन्ही चित्रपट लागोपाठ बघा. पहिल्यातल्या हवेतल्या झेपा आणि दुसऱ्यातली धावत्या रेल्वेवरची मारामारी यांतला फरक कुणाच्याही डोळ्यांना दिसतो. तुम्हाला पहिला चित्रपट जास्त आवडला असेल तरी दिसतो.

आता अढीच्या आरोपाकडे. समीक्षक मार्व्हलच्या बाजूचे आणि डीसीच्या विरोधातले, असं २०१६मध्ये छातीठोकपणे सांगितलं जायचं. त्या वर्षी मार्च महिन्यात 'बॅटमॅन व्हर्सेस सुपरमॅन'लाही तीस टक्क्यांच्या आत पसंती मिळाली होती, त्यामुळे जखम ताजी होती. पण पुढच्याच वर्षी डीसीच्याच 'वंडर वुमन'ला ९३ टक्के मिळाले. २००८च्या 'द डार्क नाइट'ला ९४ आहेत, तोही डीसीचाच. 'सुइसाइड स्क्वॉड'वर जवळजवळ त्याच नावाचा नवा चित्रपट २०२१मध्ये जेम्स गन यांनी केला, त्याला ९० टक्के. आणि मार्व्हल? 'इटर्नल्स' ४७, 'अँट-मॅन अँड द वास्प: क्वांटमेनिया' ४६. 'इटर्नल्स'ची दिग्दर्शक क्लोई झाओ, जिला त्याच वर्षी 'नोमॅडलँड'साठी दिग्दर्शनाचं ऑस्कर मिळालं होतं. समीक्षकांची लाडकी दिग्दर्शक आणि समीक्षकांचा तथाकथित लाडका स्टुडिओ एकत्र येऊनही आकडा घसरलाच. एक गोष्ट तर चाहत्यांच्या लक्षातच आली नव्हती. ज्या रॉटन टोमॅटोजवर डीसीद्वेषाचा आरोप झाला, ते २०११पासून २०१६च्या सुरुवातीपर्यंत वॉर्नर ब्रदर्सच्या मालकीचं होतं आणि विक्रीनंतरही त्यात वॉर्नरचा काही हिस्सा राहिला होता. वॉर्नर म्हणजे डीसीचीच मालक कंपनी.

समीक्षकांच्या बाजूनं मला जो सगळ्यात बळकट पुरावा वाटतो, तो 'जस्टिस लीग'चा आहे. त्यावर थोडं थांबू, कारण असा योग क्वचित येतो.

झॅक स्नायडर हा चित्रपट करत होते. मे २०१७मध्ये, मुलीच्या मृत्यूनंतर, ते बाजूला झाले. जॉस व्हीडन आले, पटकथा बदलली, बराच भाग पुन्हा चित्रित झाला, आणि चित्रपट दोन तासांत बसवायचा असं स्टुडिओनं ठरवलं. त्यात एक विचित्र अडचण आली. सुपरमॅनचं काम करणारा हेन्री कॅव्हिल तेव्हा 'मिशन: इम्पॉसिबल'च्या पुढच्या भागात काम करत होता. त्यासाठी त्यानं मिशा वाढवल्या होत्या आणि दुसरा स्टुडिओ त्या काढू देईना. शेवटी मिशांसकट चित्रण केलं आणि संगणकावर त्या पुसल्या. चित्रपटाचं पहिलंच दृश्य मोबाईलवर टिपलेल्या सुपरमॅनचं आहे. तो बोलतो आणि त्याचा वरचा ओठ मेणाच्या पुतळ्यासारखा दिसतो. जगातल्या सर्वांत ओळखीच्या नायकाचा चेहरा पहिल्या मिनिटाला परका वाटतो.

नोव्हेंबर २०१७मध्ये परीक्षणं आली. समीक्षकांनी ओठावर बोट ठेवलंच, पण मुख्य आक्षेप वेगळे होते: दोन वेगळ्या स्वभावांचे चित्रपट एकत्र शिवल्यासारखे वाटतात, खलनायक स्टेपनवुल्फ पोकळ आहे, नायकांच्या चमूतल्या सायबॉर्गला गोष्टच नाही. पसंती ४० टक्क्यांच्या आसपास. चाहते म्हणाले, हा स्नायडरचा चित्रपटच नव्हे, मूळ आवृत्ती दाखवा. अनेक वर्षं त्यांनी ही मागणी लावून धरली. मार्च २०२१मध्ये ती आवृत्ती 'एचबीओ मॅक्स'वर आली, चार तासांची. कथेचा सांगाडा तोच, नट तेच. पण सायबॉर्ग आता गोष्टीचं काळीज झाला होता. बाप आणि मुलगा यांच्यातलं तुटलेलं नातं, अपघात, यंत्र झालेल्या शरीराची लाज, हे सगळं पडद्यावर परत आलं होतं. खलनायकाला हेतू मिळाला होता, आणि सुरुवातीपासून शेवटापर्यंत एकाच माणसाची नजर जाणवत होती. समीक्षकांची पसंती ७० टक्क्यांच्या वर गेली.

यात चाहते बरोबर ठरले, आणि त्यांच्या चिकाटीला दाद दिली पाहिजे. पण समीक्षकही तितकेच बरोबर ठरले. त्यांनी २०१७मध्ये ज्या खोटी दाखवल्या होत्या, नेमक्या त्याच दुरुस्त झाल्यावर त्यांनी मत बदललं. मनात अढी असती तर चार तासांच्या चित्रपटावर ते आणखी चिडले असते.

म्हणून समीक्षक सर्वज्ञ आहेत, असं मात्र समजू नये. काही बाबतींत ते खरोखर कमी पडतात. आंग ली यांच्या २००३च्या 'हल्क'ला त्यांनी बऱ्यापैकी उचलून धरलं, कारण त्यात महत्त्वाकांक्षा होती, कॉमिक्सच्या चौकटींसारखं संकलन होतं, बाप-मुलाची शोकांतिका होती. प्रेक्षकांनी दुसऱ्याच आठवड्यात पाठ फिरवली, कमाई जवळपास ७० टक्क्यांनी कोसळली. २०१८च्या 'व्हेनम'चं उलटं झालं. समीक्षकांची पसंती ३० टक्के आणि जगभरची कमाई ८५ कोटी डॉलर. टॉम हार्डी आणि त्याच्या शरीरात शिरलेला तो परग्रहावरचा जीव यांच्यातली वेडसर भांडणं लोकांना मनापासून आवडली. बहुतेक समीक्षकांना तो विसविशीत पटकथेचा चित्रपट वाटला. पटकथा विसविशीत आहेच. पण हार्डीच्या कामातली मजा अनेकांच्या नजरेतून निसटली, हेही खरं. वर्षभर आठवड्याला तीन-चार चित्रपट पाहणाऱ्याला नवेपणाची भूक जास्त असते आणि ओळखीच्या आनंदाची कमी. महिन्यातून एकदा कुटुंबासह थिएटरात जाणाऱ्याचं नेमकं उलटं असतं.

समीक्षक कोण आहेत, हाही प्रश्न आहे. सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या ॲननबर्ग केंद्रानं २०१७च्या सर्वाधिक कमाईच्या १०० चित्रपटांची रॉटन टोमॅटोजवरची परीक्षणं तपासली. दर शंभरांपैकी सुमारे ७८ परीक्षणं पुरुषांनी लिहिलेली होती आणि ८२ गोऱ्या समीक्षकांनी. त्याच वर्षीच्या 'वंडर वुमन'मध्ये नायिका डायना खंदकातून बाहेर पडून गोळीबारात एकटी चालत जाते, तेव्हा थिएटरात बसलेल्या एखाद्या मुलीला काय वाटलं, हे लिहायला योग्य माणसं किती होती, हा विचार त्यातून येतोच. २०१८च्या ऑगस्टमध्ये संकेतस्थळानं आपले निकष बदलून नव्या समीक्षकांना दार उघडलं. ते उशिरा झालं, पण झालं ते चांगलं झालं.

समीक्षकांमुळे कमाई घटते का, यावरही अभ्यास झाले आहेत. एलियाशबर्ग आणि शुगन या संशोधकांनी १९९७मध्ये दाखवलं की परीक्षणांचा मेळ पहिल्या आठवड्यांच्या कमाईशी बसत नाही, तो नंतरच्या आणि एकूण कमाईशी बसतो. म्हणजे समीक्षक लोकांना थिएटरात जाण्यापासून थांबवत नाहीत, पण चित्रपट किती टिकेल याचा अंदाज त्यांच्या लेखनातून मिळतो. २००३मध्ये बसुरॉय, चॅटर्जी आणि राविद यांनी त्यात भर घातली: वाईट परीक्षणानं पहिल्या आठवड्यात जेवढं नुकसान होतं, तेवढा फायदा चांगल्या परीक्षणानं होत नाही, आणि मोठे तारे व मोठा खर्च असला की वाईट परीक्षणाचा मार बोथट होतो. दोन्ही अभ्यास १९९०च्या दशकाच्या सुरुवातीच्या चित्रपटांवरचे आहेत. तरी 'बॅटमॅन व्हर्सेस सुपरमॅन'ला ते जसेच्या तसे लागू पडतात. पहिल्या तीन दिवसांत अमेरिकेत १६ कोटी डॉलरहून जास्त कमाई झाली आणि दुसऱ्या शनिवार-रविवारी ती ६९ टक्क्यांनी पडली. पहिल्या दिवशी लोक बॅटमॅनसाठी गेले. नंतर जायचं की नाही, हे आधी पाहून आलेल्यांनी ठरवलं, आणि त्यांचं मत समीक्षकांहून फार वेगळं नव्हतं.

फसवणूक खरी होते ती वेगळ्या ठिकाणी. समीक्षा नसलेल्या गोष्टी समीक्षा म्हणून पुढे येतात. जाहिरातीवरचं कौतुकाचं वाक्य घ्या. २०००-०१मध्ये सोनी पिक्चर्सच्या जाहिरातींत डेव्हिड मॅनिंग नावाच्या समीक्षकाचे गोडवे छापून येत होते. 'न्यूजवीक'नं शोध घेतला तेव्हा कळलं की असा माणूसच नाही. कंपनीला पुढे भरपाई द्यावी लागली. आज काल्पनिक समीक्षकाची गरज उरलेली नाही. पहिल्या खास खेळाला निमंत्रित केलेले लोक बाहेर पडता पडता समाजमाध्यमांवर दोन ओळींचा जल्लोष करतात, आणि सविस्तर परीक्षणांवरची बंदी काही दिवसांनी उठते. २०२३च्या 'द फ्लॅश'बद्दल आधी जे ऐकू येत होतं, त्यावरून तो आजवरच्या श्रेष्ठ सुपरहिरोपटांत बसणार असं वाटत होतं. परीक्षणं आली तेव्हा पसंती ६३ टक्के होती, आणि जगभरची कमाई २७ कोटी डॉलरवर अडकली. त्या पहिल्या जल्लोषापेक्षा उशिरा आलेली परीक्षणं जास्त खरी होती.

प्रेक्षकांच्या गुणांवर विसंबावं तर तिथेही हात घालणारे आहेत. 'कॅप्टन मार्व्हल' लागण्याआधीच त्याच्यावर वाईट शेऱ्यांचा मारा झाला. फेब्रुवारी २०१९मध्ये रॉटन टोमॅटोजला प्रदर्शनापूर्वीच्या टिप्पण्या बंद कराव्या लागल्या, आणि त्याच वर्षी मे महिन्यात तिकीट काढल्याची खात्री पटलेल्यांचे गुण वेगळे दाखवायला सुरुवात झाली. सिनेमास्कोअर ही संस्था पहिल्या रात्रीच्या प्रेक्षकांकडून श्रेणी घेते. ती जास्त भरवशाची, पण पहिल्या रात्री जातात ते मुळातले चाहते. म्हणून सुपरहिरोपटाला तिथे 'बी' मिळाला तर ती धोक्याची खूण समजतात.

भारतातल्या वाचकानं आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. न्यूयॉर्कच्या समीक्षकानं पाहिलेला चित्रपट आणि पुण्या-नागपुरात लागलेला चित्रपट दर वेळी एकच नसतो. जुलै २०२५मध्ये आलेल्या 'सुपरमॅन'मधलं ३३ सेकंदांचं चुंबन आपल्या सेन्सॉर मंडळानं कापायला लावलं. नायक-नायिकेचं नातं नीट फुललं नाही असं इथल्या कुणाला वाटलं, तर त्याचा दोष दिग्दर्शकाला देण्याआधी हे आठवावं.

पुढचा मोठा सुपरहिरोपट येईल तेव्हा टक्के बघितलेत तर बिघडत नाही, त्यातून एवढं कळेल की बहुतेकांची निराशा झाली की नाही. दहा-बारा टक्के असतील तर पैसे वाचवा. २००४चा 'कॅटवुमन', २०१५चा 'फँटॅस्टिक फोर' आणि २०२२चा 'मॉर्बियस' यांच्या बाबतीत समीक्षक आणि प्रेक्षक यांच्यात फारसं दुमत नव्हतं. तीस ते सत्तर टक्क्यांमधला चित्रपट मात्र आकड्यावरून सोडून देऊ नका. त्याच्याबद्दल परीक्षण वाचावंच लागतं. त्यासाठी दोन समीक्षक निवडा: एक ज्याची आवड तुमच्याशी जुळते, आणि एक ज्याच्याशी तुमचं कधीच पटत नाही पण जो कारणं नीट देतो. ते इंग्रजीतलेच हवेत असं नाही, जागतिक सिनेमावर गणेश मतकरींसारखे लेखक मराठीतही वर्षानुवर्षं लिहीत आले आहेत. चित्रपट पाहून आल्यावर दोघांचीही परीक्षणं पूर्ण वाचा आणि त्यांनी जे दाखवलं ते तुम्हाला पडद्यावर दिसलं होतं का, ते ताडून पाहा. वर्षभर असं केलंत तर त्या दोघांपैकी कुणाच्या शब्दावर तिकीट काढायचं, हे तुम्हाला कुणाला विचारावं लागणार नाही.